अ‍ॅक्रन ते क्लीव्हलँड: ओहायोच्या जुन्या कालव्याकाठची सायकलवाट

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ओहायो अँड एरी कालव्याच्या काठची वाट, म्हणजे इथल्या लोकांची 'टोपाथ', सायकलने करायची असेल तर अ‍ॅक्रनहून निघा आणि क्लीव्हलँडला उतरा. अंतर साठेक किलोमीटर. अ‍ॅक्रनच्या माथ्यापासून एरी सरोवरापर्यंत कालवा सुमारे 120 मीटर खाली येतो आणि त्यासाठी 44 लॉक बांधले होते. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली दगडी खोली. तिच्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करत. लॉक 1 अ‍ॅक्रनला, 44 क्लीव्हलँडला. हे आकडे डोक्यात ठेवले की आपण कुठवर आलो ते नकाशा न उघडता कळतं.

धाकटा भाऊ आणि मी सकाळी शहराच्या मधोमध असलेल्या लॉक 3 पासून निघालो. पुढे लॉक 10 ते 16 एकाखाली एक उतरत जातात. इथे घाई करू नका. सायकली टेकवून दगडी भिंतींपाशी थांबा. या कालव्याचं खोदकाम 1825 साली सुरू झालं आणि अ‍ॅक्रन-क्लीव्हलँड हा पहिला टप्पा 1827 च्या जुलैमध्ये नावांना खुला झाला. काठावरून खेचरं दोरीने नावा ओढत चालायची. ती खेचरांची वाट म्हणजेच आजची टोपाथ. रेल्वे आली तसा कालव्याचा धंदा बसला आणि 1913 च्या महापुराने उरलंसुरलं संपवलं. त्या पुरात पाण्याला वाट करून द्यायला अ‍ॅक्रनमधले लॉक सुरुंगाने उडवावे लागले होते.

आता व्यवहाराचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाट सलग दिसते, पण ती एकाच्या ताब्यात नाही. अ‍ॅक्रनचा भाग शहर आणि समिट मेट्रो पार्क्स बघतात. बोटझमच्या पुढे कायाहोगा व्हॅली राष्ट्रीय उद्यान, म्हणजे केंद्र सरकार. रॉकसाइड रोड ओलांडला की क्लीव्हलँड मेट्रोपार्क्स. अ‍ॅक्रनच्या दक्षिणेला स्टार्क काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) स्टार्क पार्क्स आणि त्याच्याही खाली टस्करावास काउंटी. 1996 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, या सगळ्या पट्ट्याला राष्ट्रीय वारसा कॉरिडॉर ठरवलं, पण त्यामुळे जमीन काही केंद्राची झाली नाही. काम स्थानिकांनीच करायचं.

ही मेट्रो पार्क्स मंडळं नगरपालिकेची खाती नाहीत. ती ओहायोच्या कायद्याने उभी राहिलेली स्वतंत्र उद्यान-मंडळं आहेत. त्यांचे आयुक्त काउंटीचे प्रोबेट (मृत्युपत्र-वारसा बघणारे) न्यायाधीश नेमतात आणि पैसा मुख्यतः मालमत्ता करातून येतो. त्या करावर लोक मतदान करतात. म्हणजे ज्या वाटेवरून आपण सायकल हाकतो, तिच्यासाठी शेजारच्या घरातल्या माणसाने मतपत्रिकेवर 'हो' म्हटलेलं असतं. मला याचं फार अप्रूप वाटतं. या सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि निधी जमवायचा, हे काम उत्तरेला कॅनालवे पार्टनर्स आणि दक्षिणेला ओहायो अँड एरी कॅनालवे कोअलिशन या दोन बिनसरकारी संस्था करतात.

याचा प्रवाशाला उपयोग काय? बोटझमच्या अलीकडे वाटेवर एक झाड आडवं पडलेलं दिसलं. जवळच्या फलकावरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मैलाच्या कोणत्या खुणेजवळ?" तेव्हा जाता जाता मैलाचे खांब बघत चला आणि निघण्याआधी प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर 'बंद मार्ग' बघून घ्या. कायाहोगा नदी काठ खाते, त्यामुळे अधूनमधून एखादा तुकडा दुरुस्तीसाठी बंद असतो. एका ठिकाणी सगळी माहिती मिळेल असं धरून चालू नका. बंद होण्याची वेळ, ई-सायकलचे नियम हेही ज्याच्या-त्याच्या हद्दीप्रमाणे बघायचे.

आयरा थांब्याच्या उत्तरेला बीव्हर मार्श ही पाणथळ जागा आहे. बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून पाण्यात बांध घालणारा प्राणी. तिथे पूर्वी मोटारदुरुस्तीचं आवार आणि भंगार होतं. बीव्हरांनी कालव्यात बांध घातले, पाणी पसरलं आणि 1984 मध्ये सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेच्या स्वयंसेवकांनी भंगार उपसलं. आज लाकडी पुलावरून कमळं, कासवं, बगळे दिसतात. भारतातून आई-बाबा आले असतील आणि सायकल जमणार नसेल, तर त्यांना एवढंच दाखवा. गाडीतळापासून किलोमीटरभरही चालावं लागत नाही, चढ नाही. सकाळी लवकर किंवा तिन्हीसांजेला न्या.

पेनिन्सुला गावात लॉक 29 पाशी जेवणाची विश्रांती घ्या. इथे कालवा पुलावरून नदी ओलांडत असे. शाकाहारी लोकांनी डबा बरोबर ठेवलेला बरा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. ऑगस्टमध्ये बोलान्झ रोडच्या नाक्यावर शेतमालाच्या दुकानात भाजलेली कणसं मिळतात, ती सोडू नका. पाणी बॉस्टन मिलच्या माहिती केंद्रात भरून घ्या. राष्ट्रीय उद्यानात प्रवेशशुल्क नाही. उद्यानातली वाट बहुतेक बारीक चुनखडीच्या खडीची आहे, पावसानंतर चिकट होते, म्हणून रस्त्याच्या सायकलीचे अगदी अरुंद टायर नकोत. गवतात शिरलात तर घरी येऊन गोचीड तपासा. परतीला सायकलसह चढता येणारी कायाहोगा व्हॅली सीनिक रेलरोड ही पर्यटक रेल्वे आहे, पण काठ खचल्यामुळे तिचा मार्ग आखडलेला असू शकतो. वेळापत्रक त्या आठवड्याचंच बघा.

व्हॅली व्ह्यूला लॉक 38 जवळचं कॅनाल एक्सप्लोरेशन सेंटर मुलांसाठी उत्तम. त्यानंतर हिरवाई सरते आणि पोलादाचे कारखाने लागतात. बरेच जण हार्वर्ड अ‍ॅव्हेन्यूला थांबतात. तुम्ही थांबू नका. शहरातला हा शेवटचा भाग क्लीव्हलँड शहर, कायाहोगा काउंटी, मेट्रोपार्क्स आणि कॅनालवे पार्टनर्स या चौघांनी मिळून 2021 मध्ये पूर्ण केला. कारखान्यांच्या जमिनींतून, पुलांखालून मार्ग काढायचा होता. प्रदूषित माती, रेल्वेमार्ग, अनेक मालक, असं सगळं आडवं होतं. राष्ट्रीय उद्यानातला साधारण 32 किलोमीटरचा भाग 1993 लाच खुला झाला होता, यावरून इथे किती चिकाटी लागली ते कळेल.

ज्यांच्याकडे आणखी वेळ आहे त्यांनी दुसऱ्या खेपेला अ‍ॅक्रनहून दक्षिणेला जावं. समिट लेकवर तरंगती वाट आहे, कॅनाल फुल्टनला उन्हाळ्यात घोड्यांनी ओढलेल्या नावेत बसता येतं, आणि खाली 1817 मध्ये जर्मन लोकांनी वसवलेलं झोअर गाव आहे. कॅनाल फुल्टनची नाव ते गाव स्वतः चालवतं, तेव्हा फेऱ्यांची चौकशी नगरपालिकेकडे करा.