मिक्सरची निवड आणि तो एक रकाना

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या अ‍ॅनॉक्सिक टाकीसाठी (जिथे ऑक्सिजन न देता जिवाणूंकडून नायट्रेट काढून घेतात) सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारे, मिक्सर घ्यायचे होते. टाकीची मापं, गाळाचं प्रमाण, मिक्सर बसवायच्या जागा हे सगळं भराभर उरकलं. घोडं अडलं ते खरेदी विभागाच्या तुलनात्मक तक्त्यापाशी. त्यात रकाने दोनच: मोटरची अश्वशक्ती आणि किंमत.

आता या टाकीत मिक्सरचं काम काय? गाळ तळाशी बसू द्यायचा नाही आणि पाण्यात हवाही ओढायची नाही. ऑक्सिजन मिसळला की नायट्रेट काढणारे जिवाणू तोच वापरतात, नायट्रेट तसंच राहतं. पाणी हलतं ते थ्रस्टने, म्हणजे पंखा पाण्याला देतो त्या रेट्याने, आणि तो न्यूटनमध्ये मोजतात. लहान, वेगात फिरणाऱ्या पंख्यापेक्षा मोठा, सावकाश फिरणारा पंखा तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त थ्रस्ट देतो. तक्त्यात मात्र दोघे सारखेच, आणि लहान पंखेवाला स्वस्त म्हणून पहिला!

"थ्रस्टचा रकाना घाला" म्हटलं तर उत्तर ठरलेलं: तक्त्याचा नमुना मंजूर आहे, बदलता येणार नाही. फाईल गेली, तशीच परत आली. त्यात पुरवठादारांचे आकडेही एका मापाचे नव्हते. कोणी मोटरवरच्या पाटीचे किलोवॅट दिलेले, कोणी शाफ्टवरचे (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावरचे), कोणी मीटरवर दिसतील ते. शेवटी तक्त्याला हात न लावता परिशिष्ट जोडलं. सगळ्यांकडून आयएसओ 21630 या सबमर्सिबल मिक्सरच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजलेला थ्रस्ट आणि त्या वेळी लाइनवरून घेतलेली वीज, एवढंच मागवलं. मिक्सर चोवीस तास चालतो. दर किलोवॅटमागे वर्षाला 8,760 युनिट. हा गुणाकार किमतीशेजारी मांडल्यावर फाईल हलली. मंजूर नमुना अजून तसाच आहे, हे वेगळं सांगायला नको.

जुन्या पुस्तकांतला टाकीच्या दर घनमीटरला 8 ते 13 वॉटचा ठोकताळा डोळे मिटून धरू नका. मांडणी नीट असेल तर बऱ्याच कमी विजेत भागतं. स्वीकृतीची अट ऑर्डरमध्येच घाला: कोपऱ्यांतून, वेगवेगळ्या खोलीवरून नमुने, आणि घन पदार्थांचं प्रमाण सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत.

हो, पात्यांचा आकारही बघा. जुना मिक्सर वर काढला तेव्हा हबभोवती (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागाभोवती) केस आणि वाइप्सचा पीळ इतका घट्ट बसला होता की सुरीने कापावा लागला. पाती मागे झुकलेली असली की चिंध्या निसटतात. आणि केबल वर ताणून बांधून घ्या, सैल राहिली तर पंख्यात जाते.