समाजमंदिराची भिंत

संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हाची, २०००-०१ ची ही गोष्ट. गावोगावच्या भिंती घोषवाक्यांनी भरत होत्या. आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी मात्र सरपंचांकडे समाजमंदिराची रस्त्याकडची, तीस फुटांची अख्खी भिंत मागितली आणि आम्हा नववीच्या पोरांना सांगितलं, "यावर अक्षर नाही, चित्र काढायचं."

चित्राआधी खरवडणं आलं. दरवर्षी पोळ्याला मारलेल्या चुन्याचे थरावर थर साचले होते. तसाच रंग दिला तर तो चुन्यासकट पोपडे होऊन पडतो, म्हणून पत्रा आणि तारेचा ब्रश घेऊन आम्ही भिंत गिलाव्यापर्यंत उघडी केली. नखांत चुना, डोळ्यांत चुना. मग धुणं, वाळवणं, प्रायमर. सरांनी कशातही घाई करू दिली नाही.

कागदावरचं चित्र तीस इंच लांब, भिंत तीस फूट. इंचाचा फूट करायचा, एवढंच गणित. गेरूच्या भुकटीत घोळलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि तिसऱ्याने मधोमध ओढून सोडायची, की भिंतीवर लाल, सरळ रेघ. वर्गात कधी न कळलेलं प्रमाण मला त्या चौकटींत कळलं.

मधोमध गाडगेबाबा होते, आशीर्वादाचा हात वर केलेले. खडूने आकार उतरवत असताना बैलबंडी थांबवून एक म्हातारे बाबाजी बघत उभे राहिले. लहानपणी त्यांनी बाबांचं कीर्तन ऐकलेलं. म्हणाले, "बाबा असे हात वर करून कुठी उभे रायत होते? आंधी गाव झाडत, मंग रात्री कीर्तन."

सरांनी ओलं फडकं मागितलं. उभी आकृती पुसली आणि त्या बाबाजींनाच खराटा धरून वाकायला लावलं. पाठीचा बाक, मागे राहिलेला पाय, खराट्यावरची दोन्ही हातांची पकड बघून बघून नव्याने रेखाटलं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच आणि चिंध्यांचा अंगरखा मी रंगवला. पुढे कितीतरी भिंती रंगवल्या, पण चित्र कोणाला विचारून काढायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. २० डिसेंबरच्या पुण्यतिथीला गाव भिंतीसमोर जमलं, तेव्हा ते बाबाजी पुढच्या रांगेत होते.

यंदा सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळा ती भिंत पुन्हा रंगवणार, हे ऐकून फार आनंद झाला. मागच्या दिवाळीत मी ती नीट पाहून आलो. कापूस वेचणाऱ्या बायांची गुलाबी लुगडी उन्हाने पार पांढरी पडलीत. गेरूची जमीन आणि पिवडीची जवारी मात्र तशीच आहे, कारण मातीचे रंग ऊन सोसतात. डाव्या कोपऱ्यात गच्चीचं पाणी मुरून लोणा फुटलाय. आधी ती गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या. ऑइलपेंट मुळीच नको. तो ओल आत कोंडतो आणि फुगून निघतो. बाहेरच्या भिंतीचं इमल्शनच घ्या. बाबांच्या पाठीची रेघ सरांच्या हातची आहे, तिच्यावरूनच गिरवा, नवी काढू नका.

काम दिवाळीनंतर काढा. मी सुटी टाकून येतो. रंगांचा खर्च माझ्याकडे, परांचीसाठी बांबू तेवढे गावातून जमवा.