तुम्ही विचारलंत म्हणून: तेजस्वी धूमकेतू मला का दिसत नाही?

धूमकेतूची बातमी आली की दोन-तीन दिवसांत मला निरोप यायला लागतात. शब्द वेगळे, प्रश्न एकच. ‘नुसत्या डोळ्यांनी दिसेल म्हणतात, प्रत अमुक आहे म्हणतात. आम्ही तासभर उभे होतो, काहीच दिसलं नाही. खरंच असतो का तो?’

असतो. बहुतेक वेळा तुमची नजर त्याच्यावरून जाऊनही आलेली असते. पण तुम्ही शोधत असता छायाचित्रातला धूमकेतू, हिरवं डोकं आणि आकाशभर पसरलेली निळी-पिवळी शेपटी असलेला. ते छायाचित्र कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून, अनेक चित्रं एकावर एक रचून केलेलं असतं. डोळ्याला तशी सोय नाही. त्यातून मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग जवळजवळ कळतच नाहीत. डोक्याचा हिरवा रंग खराच असतो, तो दोन-दोन कार्बन अणूंच्या जोड्यांमधून येतो, आणि सूर्यप्रकाशात त्या जोड्या लवकर तुटतात म्हणून शेपटी कधी हिरवी नसते. पण साध्या डोळ्यांनी बघणाऱ्याला हे सगळं राखाडीच दिसणार.

काही जण उल्केसारखं काहीतरी झपकन जाईल म्हणून आकाशभर बघत बसतात. धूमकेतू धावताना दिसत नाही. तो ताऱ्यांमध्ये चंद्रासारखा स्थिर असतो आणि ताऱ्यांबरोबरच मावळतो. त्याची जागा बदललेली कळते ती दुसऱ्या दिवशी. तेव्हा आकाशभर बघण्यात अर्थ नाही, बघायचं ते एकाच जागी.

आता त्या आकड्याकडे, म्हणजे तेज सांगणाऱ्या प्रतीकडे येतो, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. प्रत हा उलटा आकडा: जितका लहान तितकं तेज जास्त, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. त्यामुळे ‘धूमकेतू चौथ्या प्रतीचा’ असं वाचलं की वाटतं, म्हणजे आरामात दिसणार. पण ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत असतो आणि धूमकेतूचा पसरलेला. त्याची प्रत काढणारे निरीक्षक मुद्दाम दुर्बिणीतल्या ताऱ्यांना धूसर करतात, धूमकेतूएवढा ठिपका होईपर्यंत, आणि मग तुलना करतात. म्हणजे छापून येतो तो आकडा सगळा प्रकाश एकत्र गोळा केला तर किती, याचा असतो. बोटभर रंग भिंतभर फासल्यावर जे उरेल, ते आपल्याला बघायचं असतं.

याची खात्री करून घ्यायला धूमकेतूची वाट बघायला नको. देवयानी दीर्घिका ही दूरची एक आकाशगंगा, धूमकेतूसारखीच पसरलेली दिसणारी. तिची प्रत साधारण ३.४ आहे. त्याच प्रतीचा तारा शहराच्या कडेला उभं राहूनही दिसतो. दीर्घिका मात्र त्याच जागेवरून पुष्कळांना सापडत नाही, आणि सापडली तरी ‘एवढंच?’ असं म्हणतात. ज्याला देवयानी दीर्घिका दुर्बिणीशिवाय पटकन सापडते त्याला चौथ्या प्रतीचा धूमकेतूही सापडेल. सरावासाठी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही.

शिवाय तो आकडा हवेचा विचार करत नाही. धूमकेतू तेजस्वी होतो तो सूर्याजवळ, आणि सूर्याजवळ म्हणजे आपल्यासाठी क्षितिजाजवळ, संधिप्रकाशात. क्षितिजापासून दहा अंशांवर असलेल्या वस्तूचा प्रकाश इतक्या हवेतून येतो की स्वच्छ आकाशातही जवळजवळ एक प्रत कमी होते. पाच अंशांवर दोन प्रती गेल्याच म्हणून समजा. धूळ, धूर, दमटपणा असेल तर हिशोबच नको. हात पुढे लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची. एकदा क्षितिजावर मूठ ठेवून बघा, म्हणजे दहा अंश किती खाली असतात ते कळेल. बहुतेक ठिकाणी तिथे झाडं आणि इमारतीच असतात.

म्हणूनच माझं एक मत झालं आहे, आणि ते बातम्यांच्या अगदी उलट आहे: ‘आज धूमकेतू सर्वांत तेजस्वी’ असा जो दिवस जाहीर होतो, तो बघण्यासाठी बहुधा वाया जाणारा दिवस असतो. त्सुचिनशान-ॲटलासचंच घ्या. जुलै २०२४ मध्ये हा धूमकेतू सूर्यापाशी पोचण्याआधीच विरून जाईल, असा अंदाज एका नावाजलेल्या अभ्यासकानं मांडला होता. तो विरला नाही. २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून तो आपल्या आणि सूर्याच्या मधल्या भागात आला. त्याची धूळ मागून उजळली, गाडीच्या काचेवरची धूळ समोरच्या सूर्यानं उजळते तशी, आणि ९ ऑक्टोबरच्या सुमारास प्रत उणे पाचच्या जवळ गेली. शुक्रापेक्षाही तेजस्वी! पण तेव्हा तो सूर्यापासून अवघ्या काही अंशांवर होता. त्याचं ते रूप दिसलं ते सोहो या अवकाशयानाच्या कॅमेऱ्याला, जो सूर्य झाकूनच बघतो.

त्यानंतरच्या आठवड्यात आकडा रोज घसरत गेला आणि धूमकेतू रोज जास्त चांगला दिसत गेला. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. पुढचे दोन-तीन दिवस पश्चिमेला शुक्र आणि स्वातीचा तारा यांच्या मधल्या भागात तो सापडत होता. मी आधी द्विनेत्रीनं, म्हणजे दोन डोळ्यांनी बघायच्या छोट्या दुर्बिणीनं हेरला, जागा पक्की केली, आणि अंधार वाढल्यावर नुसत्या डोळ्यांनीही शेपटी वर चढत गेलेली दिसली. त्याच दिवसांत पृथ्वी त्याच्या कक्षेच्या पातळीतून गेली, म्हणून सूर्याच्या दिशेनंही एक बारीक, टोकदार रेघ आली होती. तिला प्रतिपुच्छ म्हणतात. कक्षेत मागे राहिलेली धूळ कडेनं दिसते ती अशी. १७ ऑक्टोबरला पौर्णिमा आली आणि चांदण्यानं शेपटी खाल्ली. पौर्णिमेनंतर चंद्र उशिरा उगवायला लागला तेव्हा पुन्हा अंधार मिळाला, पण तोवर धूमकेतू बराच फिकट झाला होता. निरोपांचा पूर मात्र आला होता तो ९ तारखेला.

सगळेच धूमकेतू असे वागत नाहीत. १९९६ चा ह्याकुताके सूर्याजवळ जाण्याआधीच पृथ्वीच्या अगदी जवळून गेला, २५ मार्चला, दीड कोटी किलोमीटरवरून. तो क्षितिजात अडकलेला नव्हता. अंधाऱ्या आकाशात त्याची शेपटी पन्नास अंशांहूनही लांब दिसत होती. त्याच्या पुढच्या वर्षीचा हेल-बॉप याच्या अगदी उलट: पृथ्वीच्या फारसा जवळ आलाच नाही, पण त्याचं केंद्रकच, म्हणजे आतला बर्फ-धुळीचा गोळाच अवाढव्य, साधारण साठ किलोमीटर रुंद. नुसत्या डोळ्यांना तो दीड वर्ष दिसत राहिला. धुळीची पांढरट वळलेली शेपटी आणि विद्युतभारित वायूची सरळ निळसर शेपटी अशा दोन्ही वेगवेगळ्या ओळखू येत होत्या. ज्यांनी हेल-बॉप बघितला त्यांची अपेक्षा कायमची वाढून बसली, आणि नंतरच्या प्रत्येक धूमकेतूला त्याची शिक्षा मिळते आहे.

मग आधीच नीट सांगत का नाहीत? हाही प्रश्न येतो, जरा रागानंच. अंदाज बांधण्याची रीत अशी: धूमकेतूचं तेज पृथ्वीपासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे घटतं, हे पक्कं. सूर्यापासूनच्या अंतराचा परिणाम मात्र प्रत्येकाचा वेगळा, साधारण चौथ्या घातानं धरतात. आता धूमकेतू दूर असताना सापडला आणि सूर्याजवळ येईपर्यंत ते अंतर सोळा पटींनी कमी झालं, असं समजू. चौथा घात धरला तर तेज ६५,५३६ पट वाढेल. त्या धूमकेतूनं तिसऱ्या घातावरच भागवलं, तर ४,०९६ पट. दोन्हींत सोळा पटींचा, म्हणजे तीन प्रतींचा फरक. ‘डोळे दिपतील’ आणि ‘द्विनेत्री लागेल’ यांत एवढंच अंतर असतं.

सूर्याकडे पहिल्यांदाच येणारे धूमकेतू जास्त फसवतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे कार्बन मोनॉक्साइडसारखे चटकन उडणारे बर्फ खूप दूर असतानाच वायू व्हायला लागतात, त्यामुळे तो लवकर उजळतो आणि मोठा वाटतो. पाण्याचं बर्फ उडण्याइतका तो आत येतो, तोवर पहिला जोर ओसरलेला असतो. १९७३ मध्ये लुबोश कोहुटेक यांनी शोधलेल्या धूमकेतूचं हेच झालं. त्याला ‘शतकातला धूमकेतू’ ठरवून झालं होतं. तो सूर्याला वळसा घालत होता तेव्हा स्कायलॅब या अवकाशस्थानकातल्या अंतराळवीरांना झकास दिसला. जमिनीवरच्यांच्या वाट्याला जानेवारीत आला तो एक फिकट, कष्टानं सापडणारा धूमकेतू. लोक इतके चिडले की १९७६ मध्ये वेस्टचा खरोखर देखणा धूमकेतू पहाटेच्या आकाशात उगवला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखलच घेतली नाही. ज्यांना बातमी नसतानाही पहाटे उठायची सवय होती त्यांनी तो बघितला. आयसॉनची गत आणखी वाईट. २८ नोव्हेंबर २०१३ ला तो सूर्याजवळून गेला आणि पलीकडे बाहेर पडला तो नुसता विरत जाणारा ढग. दुसरीकडे होम्स: सूर्यापासून दूर चाललेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. ऑक्टोबर २००७ मध्ये दोन दिवसांच्या आत पाच लाख पटींनी उजळला आणि ययाति तारकासमूहात जादा तारा दिसू लागला. चांगला उंचावर, रात्रभर.

हे सगळं ऐकून झालं की माणसं मुद्द्यावर येतात: ‘मग करायचं काय?’

पहिलं, जागा माहीत करून घ्या. ‘पश्चिमेला’ एवढं पुरत नाही. कुठल्या ताऱ्याच्या किंवा ग्रहाच्या किती अंश डावीकडे, किती वर, हे त्या दिवसाच्या नकाशावरून काढा. दुसरं, द्विनेत्री. सात-पन्नास किंवा दहा-पन्नासची (सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची) साधी द्विनेत्री मोठ्या दुर्बिणीपेक्षा धूमकेतूसाठी बरी. दुर्बिणीत एखाद्या अंशाचं क्षेत्र दिसतं, त्यात धूमकेतूचं डोकं मावतं आणि शेपटी बाहेर राहते. द्विनेत्रीत पाच-सात अंश दिसतात. आधी एखाद्या ताऱ्यावर नेम धरून तो बारीक ठिपका दिसेपर्यंत ती जुळवून घ्या, नाहीतर सगळंच आकाश धूमकेतूंनी भरलेलं दिसेल. आणि सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती त्या दिशेला न्यायचीच नाही. पहाटे बघत असाल तर सूर्योदयाआधी खाली ठेवायची. यात चालढकल नको, डोळा कायमचा जाऊ शकतो.

सापडला की त्याच्याकडे सरळ रोखून बघू नका. किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेच्या पेशी मंद प्रकाश चांगला टिपतात. द्विनेत्री हलकेच हलवली तरी मदत होते, स्थिर धूसरपणापेक्षा हलणारा धूसरपणा नजरेत भरतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि खिशातला फोन एकदा काढला की ती पुन्हा मोजायची. फोनच्या रात्रीच्या छायाचित्रात धूमकेतू आधी सापडतो हे खरं आहे. जागा शोधायला तो जरूर वापरा. पण मग डोळ्यांना त्याच्याशी स्पर्धा करायला लावू नका.

संध्याकाळी पश्चिमेला दिसलेली झगझगीत, सोनेरी शेपूटवाली वस्तू मला पाठवू नका. ती विमानाची वाफेची रेघ असते, मावळत्या सूर्यानं उजळलेली. पाच मिनिटं थांबा. ती सरकेल, नाहीतर फाटेल.

शेवटी हमखास विचारतात, पुढचा मोठा कधी? हे सांगता येत नाही. ह्याकुताके सापडला जानेवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये डोक्यावर होता. दोन महिन्यांचीही पूर्वसूचना नव्हती. तारीख हवीच असेल तर हॅलेची आहे, जुलै २०६१. १९८६ मध्ये तो सूर्याला वळसा घालत होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या नेमकी पलीकडे होती, म्हणून ती फेरी फिकी गेली. २०६१ मध्ये दोघं सूर्याच्या एकाच बाजूला असतील.