फ्रेशवॉटरचे डिंबोला आणि ज्युलिया मार्गारेट कॅमेरून

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ब्रॉकनहर्स्टपर्यंत एक गाडी, तिथून लिमिंग्टन पिअरपर्यंत दुसरी छोटी गाडी, आणि मग साधारण चाळीस मिनिटांचा बोटीचा प्रवास, एवढे केले की आइल ऑफ वाइट या बेटावरचे यारमथ बंदर लागते. तिथून बसने मी फ्रेशवॉटर बेला उतरले. या बेटावर बहुतेक लोक पांढऱ्या कड्यांसाठी येतात. मी आले होते ‘डिंबोला’ नावाच्या घरासाठी. ज्युलिया मार्गारेट कॅमेरून या छायाचित्रकार बाईंनी एकोणिसाव्या शतकातली काही सर्वश्रेष्ठ व्यक्तिचित्रे याच घरात टिपली, आणि आज तिथे त्यांच्या कामाचे छोटेसे संग्रहालय आहे.

घराचे नाव कॅमेरून कुटुंबाच्या सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, कॉफीच्या मळ्यांवरून आलेले आहे. ज्युलियाबाईंचा जन्म 1815 साली कलकत्त्यात झाला. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी होते. 1838 साली त्यांचे लग्न चार्ल्स हे कॅमेरून यांच्याशी झाले, तेही कलकत्त्यातच. हे चार्ल्स म्हणजे मेकॉलेच्या विधी आयोगाचे सदस्य; ज्या भारतीय दंड संहितेखाली आपल्याकडे अगदी 2024 पर्यंत खटले चालले, तिच्या मसुद्यावर त्यांचा हात फिरला होता. पुढे हे कुटुंब इंग्लंडला परतले आणि 1860 साली, कवी टेनिसन यांच्या शेजारी राहता यावे म्हणून, त्यांनी फ्रेशवॉटरमधली शेजारशेजारची दोन घरे घेऊन ती मधल्या मनोऱ्याने जोडली. रस्त्यावरून पाहताना तो मनोरा आधी नजरेत भरतो.

बागेत गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सचा पुतळा आहे, कारण 1970 चा प्रसिद्ध संगीत महोत्सव इथून जवळच्याच टेकडीवर झाला होता. त्याच्यासोबत छायाचित्र काढून घेणाऱ्यांची गर्दी ओलांडून मी आत शिरले.

1863 च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने भेट म्हणून कॅमेरा दिला, तेव्हा ज्युलियाबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. पती कामानिमित्त सिलोनला, मुले मोठी झालेली. आईचा वेळ जावा एवढाच त्या भेटीमागचा हेतू होता. पण त्यांनी कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करवून तिथे आपला स्टुडिओ थाटला आणि कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली. जानेवारी 1864 मध्ये ॲनी फिलपॉट या लहान मुलीचे छायाचित्र मनासारखे उतरले, आणि त्यांनी त्याला ‘माझे पहिले यश’ असे नाव दिले.

त्या काळच्या छायाचित्रणात केवढे अंगमेहनतीचे काम होते, हे मला लंडनच्या मोठ्या संग्रहालयात त्यांची चित्रे पाहताना कधी जाणवले नव्हते. काचेच्या पट्टीवर कलोडियन या रसायनाचा चिकट लेप एकसारखा पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि लेप ओला असेपर्यंतच कॅमेऱ्यात घालून, भिंगावरचे झाकण उघडून चित्र टिपायचे आणि ती परत अंधारात नेऊन धुवायची. समोरच्या माणसाला मिनिटे-मिनिटे स्तब्ध बसावे लागे. चित्र मोठे करण्याची सोय नव्हती. काच जेवढी, तेवढेच चित्र. पहिल्या कॅमेऱ्याची काच अकरा इंच बाय नऊ इंच होती, आणि 1866 पासून त्या पंधरा बाय बारा इंचांची काच वापरू लागल्या. एवढी जड, ओली, हात काळे करणारी वस्तू घेऊन अंगणातून कोळशाच्या कोठीपर्यंत लगबगीने जाणारी पन्नाशीतली बाई इथे डोळ्यांसमोर उभी राहते, कारण ती अंतरे इथे प्रत्यक्ष पायांखाली असतात.

त्या काळच्या छायाचित्रकार मंडळींनी त्यांच्या धूसर चित्रांवर कडक टीका केली. बोटांचे ठसे, काचेला गेलेले तडे, लेपातले ओघळ हे सगळे त्या तसेच राहू देत, हेही त्या मंडळींना खपत नसे. ज्युलियाबाईंनी मात्र लिहून ठेवले आहे की भिंग फिरवताना जिथे चेहरा सुंदर दिसला तिथे त्या थांबल्या, आणखी स्पष्टतेच्या मागे गेल्या नाहीत. 1867 मध्ये टिपलेले खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शल यांचे चित्र पाहिल्यावर त्या टीकाकारांची बाजू घेणे मला तरी अशक्य आहे. विस्कटलेले पांढरे केस, काळोखातून वर आलेले कपाळ, आणि ओलसर, थकलेले, तरीही शोधणारे डोळे; त्यात कोटाचे बटण स्पष्ट दिसले असते तर काय मिळाले असते?

परंतु डिंबोलात मी सर्वाधिक वेळ थांबले ती टेनिसन किंवा हर्शल यांच्यापाशी नव्हे, तर घरात काम करणाऱ्या मुलींपाशी. मेरी हिलियर ही गावातलीच मुलगी. घरकामाला आली आणि कॅमेऱ्यासमोर पुनःपुन्हा येशूची आई मरियम हिच्या रूपात बसली. मेरी रायन हिची आई लंडनजवळ भीक मागत असताना ज्युलियाबाईंना भेटली आणि मेरीला त्यांनी घरी ठेवून घेतले. पुढे हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने प्रदर्शनात या मेरीला पाहिले आणि 1867 साली तिच्याशी लग्न केले. हेच सर हेन्री कॉटन 1904 साली मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. गिरगाव-फोर्टच्या इतिहासाचा एक धागा असा या बेटावरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो, याचा मला मनापासून आनंद झाला.

हे सारे नाहीसे होण्याच्या बेतात होते. 1990 च्या दशकाच्या आरंभी घराचा एक भाग पाडून तिथे सदनिका बांधायच्या होत्या. काही चाहत्यांनी पुढाकार घेऊन न्यास स्थापन केला आणि घर वाचवले. सरकारी वैभव नसलेल्या अशा संस्थेला तिकिटाचे आणि खालच्या चहाच्या खोलीतले पैसे मोलाचे असतात. जाणाऱ्याने तिथे चहा जरूर घ्यावा.

1875 मध्ये कॅमेरून दांपत्य सिलोनला गेले आणि जाताना सामानासोबत दोन शवपेट्याही घेऊन गेले. 1879 च्या जानेवारीत ज्युलियाबाईंचे तिथेच निधन झाले. बोगावंतलावा इथल्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. सिलोनमध्ये काढलेली त्यांची फार थोडी छायाचित्रे आज उरली आहेत. त्यांत गावकरी आहेत, तरुण मुली आहेत, आणि चेहऱ्यांवर फ्रेशवॉटरइतकाच प्रेमाने टाकलेला प्रकाश आहे. पण त्या चित्रांची शीर्षके ‘कळुतरचे शेतकरी’ अशा धर्तीची आहेत. फ्रेशवॉटरच्या मोलकरणी मेरी हिलियर आणि मेरी रायन म्हणून इतिहासात राहिल्या, तर सिलोनच्या माणसांच्या वाट्याला केवळ जागेचे नाव आले. ज्या कुटुंबाच्या घराचे नावच मळ्यांवरून आले, त्याच्याबद्दल बोलताना हा फरक ठळकपणे सांगितला गेला पाहिजे, असे मला वाटते आणि बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत मी तेच लिहिले.