पहिल्यांदा निखळला तेव्हा वय काय होतं?

चौथ्या वेळी मी काहीच करत नव्हतो. झोपेत कूस बदलली, उजवा हात उशीच्या वर गेला आणि खांदा निखळला. रात्री अडीचला अपघात विभागातल्या डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?" "झोपलो होतो" हे उत्तर देताना मला चक्क लाज वाटली.

पहिली वेळ मात्र रीतसर होती. 19 वर्षांचा होतो, व्हॉलीबॉल खेळत होतो. स्मॅशसाठी हात वर आणि मागे गेलेला, तेवढ्यात शेजारचा खेळाडू येऊन दंडावर आदळला. खांद्याची गोलाई जाऊन तिथे टोकदार कोपरा दिसायला लागला. ती वेदना वर्णन करण्याच्या भानगडीत पडत नाही. एक्सरे काढला, गुंगीचं औषध दिलं, हात सावकाश ओढून खांदा बसवला. तो जागेवर जातो त्या क्षणी दुखणं इतकं उतरतं की माणसाला वाटतं, झालं, सुटलो! तीन आठवडे हात झोळीत. "जपा" एवढं सांगितलं. फिजिओथेरपीला महिनाभर गेलो आणि दुखायचं थांबल्यावर बंद केली. तो दोष माझाच.

सात महिन्यांनी पोहताना पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडीत पुढे बसून मागच्या सीटवरची बॅग ओढायला गेलो तेव्हा. त्या वेळी शहाणपणा करून मित्राकडून हात ओढून घेतला. खांदा बसला, पण दंडाच्या बाहेरच्या बाजूचा हाताच्या पंजाएवढा भाग बधिर झाला, तो जवळजवळ दोन महिने. तिथून जाणारी नस सांधा निखळताना किंवा बसवताना ताणली जाते, शिवाय हाड मोडलेलं असेल तर अशा ओढाओढीने ते आणखी सरकू शकतं, हे नंतर डॉक्टरांनी चांगलंच सुनावून सांगितलं. ज्यांचे मित्र सिनेमातल्यासारखा झटका द्यायला उत्सुक असतात, त्यांनी हे लक्षात ठेवा.

त्या मधल्या दोन वर्षांत माझं जगणं कधी आकसलं ते मलाच कळलं नाही. वरच्या फळीवरचं काही काढायचं तर डाव्या हाताने. उभ्याने प्रवास करताना वरची दांडी धरायची नाही. शर्ट घालताना आधी उजवी बाही. घरच्यांचं एकच पालुपद होतं, "व्यायाम कमी पडतो, खांदा अशक्त आहे." मीही तेच मानत होतो.

चौथ्या वेळेनंतर खांद्याच्या तज्ज्ञांकडे गेलो. किती वेळा निखळला, हे त्यांनी नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "पहिल्यांदा निखळला तेव्हा वय काय होतं?" 19 म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू पुढची गोष्ट त्यांना ठाऊकच होती. आणि खरंच होती. एडिंबरोमध्ये पहिल्यांदाच खांदा निखळलेल्या 15 ते 35 वयाच्या 252 जणांवर लक्ष ठेवलं होतं. 2006 साली छापलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांचा खांदा दोन वर्षांतच पुन्हा दगा देऊ लागला होता. वय जितकं कमी, तितका धोका जास्त, आणि मुलग्यांना मुलींपेक्षा अधिक. मी अपवाद नव्हतो. मी अगदी नेहमीचा रुग्ण होतो, फक्त मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

कारणही साधं आहे. खांद्याची खोबण उथळ असते. तिच्या कडेला कूर्चेची एक गोल किनार असते, तिला लॅब्रम म्हणतात. तरुण वयात सांधा पुढे निसटला की बहुतेकदा ही किनार खोबणीपासून उखडते आणि बऱ्याचदा नीट जागेवर चिकटत नाही. चाळिशीनंतर किनारीपेक्षा स्नायूंच्या दोऱ्या फाटण्याची भीती जास्त असते. किनार अशी उखडण्याला 'बँकार्ट' म्हणतात, ज्या ब्रिटिश सर्जनने 1923 मध्ये त्यावर लिहिलं त्यांच्या नावावरून. म्हणजे माझ्या खांद्यात जे झालं होतं ते वैद्यकाला शंभर वर्षं माहीत होतं! शिवाय प्रत्येक वेळी दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीच्या कडेवर आपटून त्याला खळगा पडतो आणि कडही झिजते. झीज फार झाली तर नुसती किनार शिवून भागत नाही, हाडाचा तुकडा आणून बसवावा लागतो. माझं एमआरआय आणि सीटी स्कॅन झालं. थोडक्यात वाचलो होतो.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. भुलीमुळे दिवसभर हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा जड लोंबत होता. चार आठवडे झोळी, रात्री आरामखुर्चीत बसून झोप. खरी परीक्षा त्यानंतर. तिसऱ्या महिन्यात रबरी पट्टा ओढताना हात जेमतेम कानापर्यंत जायचा. मी वैतागायचो आणि फिजिओथेरपिस्ट शांतपणे म्हणायची, "अजून दहा." या वेळी मात्र मधेच सोडलं नाही.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी मला आडवं झोपवून हात बाजूला आणि मागे वळवला. हीच ती नेमकी धोक्याची स्थिती. मी दात आवळून वाट बघत होतो. काहीच झालं नाही.

त्याला आता दीड वर्ष झालं. व्हॉलीबॉल पुन्हा सुरू आहे, वरची दांडीही धरतो. शर्ट घालताना मात्र अजूनही आधी उजवी बाही.