जेरुसलेम बेमधला उभा मासा

रेवदंड्याच्या आमच्या घरात जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी सुक्या मासळीचे डबे भरून ठेवले जात, आणि त्यांतल्या एका डब्यात वाकट्या असत. चपट्या, पिवळट, वितीएवढ्या तुकड्यांत मोडलेल्या, चुलीच्या निखाऱ्यावर भाजल्या की घरभर वास सुटणाऱ्या त्या पट्ट्या म्हणजेच वाकटी, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. बाजारात ताजी वाकटी येत असे आणि त्याच कुळातला मोठा बालाही येत असे, परंतु टोपलीत गुंडाळी करून ठेवलेला मासा पाहणे निराळे आणि तो पाण्यात कसा राहतो हे जाणणे निराळे. पन्नाशी उलटेपर्यंत मी हा मासा जिवंत पाहिलेला नव्हता. तो पाहण्याचा योग आला तो ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराच्या उत्तरेकडील एका खाडीत, जुलै महिन्याच्या कडाक्याच्या थंडीत.

माझा भाचा गेली काही वर्षे सिडनीच्या उत्तर भागात राहतो. त्याच्याकडे जायचे ठरले तेव्हा त्याने फोनवर एवढेच विचारले, "मामा, जुलैत आलात तर बाला गरवायला याल का?" आपल्याकडे जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात आणि घरोघर सुक्या मासळीचे डबे उघडलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत तिथल्या खाडीत बाला शिरतो, ही गोष्ट माझ्या मनाने लगेच पकडली.

सिडनीच्या उत्तरेला हॉक्सबरी नदी ब्रोकन बे या उपसागरात समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाजवळ दक्षिणेकडून काउअन क्रीक नावाची लांब, वळणावळणाची खाडी येऊन मिळते. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेव्हा नदीनाल्यांनी वालुकाश्मात खोल दऱ्या कोरल्या, आणि पुढे समुद्र वर चढला तेव्हा त्या दऱ्या बुडून आजच्या खाड्या झाल्या. रेवदंड्याची कुंडलिका खाडी पाहत वाढलेल्या माणसाला हे पाणी पहिल्यांदा परके वाटते. आपली खाडी ओहोटीला चिखल उघडा टाकते, कांदळवनाची मुळे दाखवते, होडीला मधल्या खोल पाण्यातूनच जायला लावते. काउअनमध्ये बऱ्याच ठिकाणी कातळ सरळ पाण्यात उतरतो, आणि होडी त्या कातळाला टेकलेली असतानाही तळाखाली दहा-दहा मीटर पाणी असते. दोन्ही बाजूंचे डोंगर कू-रिंग-गाय चेस या 1894 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात मोडत असल्यामुळे काठावर घरे जवळजवळ नाहीतच. आहेत ती युकॅलिप्टसची झाडे, आणि अधूनमधून शिंपल्यांचे जुने ढीग, जे तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे ह्याच पाण्यावर पोट भरले याची खूण म्हणून उरले आहेत.

भाच्याने अमावास्येच्या आसपासचे दोन दिवस निवडले होते, कारण चांदणे नसलेली, वारा पडलेली रात्र बाल्यासाठी चांगली, असे तिथले गरवणारे मानतात. दुपारी आम्ही ॲपल ट्री बे येथील धक्क्याच्या उतारावरून त्याच्या मित्राची ॲल्युमिनियमची छोटी होडी पाण्यात सोडली. गरी टाकण्यासाठी सरकारी शुल्क भरावे लागते. ते तीन दिवसांचे, महिन्याचे किंवा वर्षाचे भरता येते आणि त्याची पावती जवळ बाळगावी लागते. 4.8 मीटरपेक्षा लहान होडीत रात्री प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगात घातलेच पाहिजे, असाही नियम आहे. होडीचा मालक हा साठीचा, मितभाषी ऑस्ट्रेलियन गृहस्थ होता. त्याने माझे जाकीट स्वतः ओढून घट्ट केले आणि मगच इंजिन सुरू केले. आपल्या किनाऱ्यावर अंगात जाकीट न घालता रात्री जाणाऱ्या कितीतरी होड्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्याची ही सवय मला फार मोलाची वाटली.

वाटेत आधी आमिष पकडायचे होते. पावाचे भिजवलेले तुकडे पाण्यात टाकले की यलोटेल नावाचे बोटभर ते वीतभर मासे थव्याने जमतात, आणि अगदी बारीक गळाला पावाची गोळी लावून ते एकेक करून काढता येतात. दिसायला ते आपल्या बांगड्याचे दूरचे भाऊबंद वाटतात. दहा-बारा मासे बादलीत जिवंत ठेवून आणि सोबत गोठवलेल्या तारल्यांची पिशवी घेऊन आम्ही पुढे निघालो. कॉटेज पॉइंटची मोजकी घरे उजव्या हाताला मागे पडली आणि त्यानंतर होडी डावीकडे जेरुसलेम बेमध्ये वळली. समोरच्या काठाला, थोडे पुढे, रेफ्यूज बे आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये सिंगापूर बंदरातील जपानी जहाजांवर हल्ला करणाऱ्या तुकडीने तिथे सराव केला होता. त्या मोहिमेसाठी वापरलेली होडी मूळची जपानी मासेमारीची होती आणि तिला नाव दिले होते क्रेट, म्हणजे आपली मण्यार. या शांत पाण्यात मण्यारीचे नाव ऐकून मी थबकलो खरा, पण तोवर सूर्य डोंगराआड गेला होता आणि मालकाचे सगळे लक्ष नांगराकडे होते.

नांगर दोन टाकायचे, एक नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, आणि एक वरामाकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, हे तिथले पहिले तंत्र. एकाच नांगरावर होडी भरतीच्या ओढीने फिरत राहते आणि अंधारात पाच-सहा दोऱ्या एकमेकींत गुंततात. दुसरे तंत्र खोलीचे आहे. बाला कोणत्या थरात फिरतो आहे हे आधी सांगता येत नाही, म्हणून एक दोरी तळापासून हातभर वर, दुसरी मध्यात आणि तिसरी पृष्ठभागापासून तीन-चार मीटरांवर सोडतात. जिला पहिला स्पर्श होईल तिच्या खोलीवर मग बाकीच्या आणतात. गळ एकटा नसतो. एका गळाच्या नेढ्यात दुसरा ओवून तीन-चार गळांची साखळी केलेली असते आणि अख्खा तारला तिच्यावर लांबीने बसवतात. वर वीतभर तारेचा तुकडा असतो, कारण बाल्याचे दात नायलॉन सहज कापतात. त्याच्याही वर एक बोटभर लांबीची, आत रसायन असलेली काडी बांधतात. ती मोडली की हिरवा उजेड देते, आणि दोरी सोडली की तो उजेड काळ्या पाण्यात हळूहळू लहान होत अंधुक होत जातो.

पहिल्या रात्री आम्हांला काहीही मिळाले नाही. साडेपाचला पूर्ण अंधार झाला होता, दहा वाजेपर्यंत पारा सहा अंशांवर आला होता आणि होडीच्या कडेवर दव साचू लागले होते. मालक म्हणाला की काही हिवाळ्यांत बाला येतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो, आणि काही हिवाळ्यांत एकही दिसत नाही; जो नेमाने येतो तोच त्याला भेटतो. डोल जाळे लावून उधाण-भांगाचा, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचा हिशेब करत रात्र काढणारी आमच्या गावची माणसे याहून वेगळे काही बोलत नाहीत. मध्यरात्री आम्ही परतलो.

दुसऱ्या संध्याकाळी आमच्या आधीच एक होडी तिथे उभी होती. तीत एक कोरियन कुटुंब होते. आजोबा, मुलगा आणि शाळकरी नात, तिघेही रजया पांघरून बसलेली. ओळख झाल्यावर कळले की ते याच माशासाठी दरवर्षी येतात आणि त्याला गालची म्हणतात. कोरियात आणि जपानमध्ये हा मोठ्या आवडीचा मासा आहे. जपानी नाव ताचिउओ असे आहे, आणि त्याचे दोन अर्थ सांगतात: एक तलवारमासा, दुसरा उभा राहणारा मासा. पहिला अर्थ मला लगेच पटला, कारण बाजारातला बाला तलवारीच्या पात्यासारखाच दिसतो. दुसरा अर्थ पुढच्या दोन तासांत पटायचा होता.

सातच्या सुमारास मधल्या दोरीचा हिरवा उजेड किंचित हलल्यासारखा वाटला. काठीच्या टोकाला दोन अगदी हलके धक्के बसले, कोळंबीने टोचावे तसे. मी ताबडतोब काठी वर खेचली. गळांची साखळी मोकळी वर आली. तारल्याचे मागचे अर्धे अंग सुरीने कापावे तसे गेले होते. मालकाने शांतपणे समजावले की बाला आमिषाचा पाठलाग करत नाही. तो पाण्यात डोके वर, शेपूट खाली असा उभा तरंगतो, वरून जाणारा मासा हेरतो, आधी एक चावा घेऊन त्याला लुळा करतो आणि मग गिळायला परत येतो. म्हणून पहिल्या स्पर्शाला हात आवरायचा. पुष्कळदा तो खालून वर येत असल्यामुळे दोरी ताणली न जाता उलट सैल पडते. सैल पडलेली दोरी हीच खूण समजायची, ढील सावकाश गोळा करायची आणि वजन हाताला लागले की एका लयीत, न थांबता ओढत राहायचे.

हे ऐकल्यावर मी काठी बाजूला ठेवून साधी हातगरी मागितली, कारण बोटांना दोरीचे जे कळते ते काठीला कळत नाही, असे मला वाटते. यलोटेल जिवंत लावला. अर्ध्या तासाने बोटांवरची दोरी हलकी झाली, इतकी हलकी की खालचे शिसे तुटून पडले की काय असे वाटावे. मी श्वास धरून ढील गोळा केली. दोन वाव, तीन वाव, आणि मग एकदम जड, जिवंत, थरथरणारे ओझे. भाच्याने विजेरी पाण्यावर धरली. त्या उजेडात, होडीपासून हातभर अंतरावर, पाण्यात एक चांदीची पट्टी सरळ उभी होती. ती वळवळत नव्हती. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवरून गेलेला एकच लांब पर तेवढा लाटेसारखा हलत होता, आणि तेवढ्या हालचालीवर तो सबंध मासा पाण्यात तोलला गेला होता. त्याचा मोठा डोळा वर होडीकडे लागलेला होता. त्याच्या मागे, थोडे खाली, आणखी दोन तशाच पट्ट्या उजेडात येऊन उभ्या राहिल्या आणि विझल्यासारख्या नाहीशा झाल्या. डब्यातल्या त्या पिवळट तुकड्यांचा मासा जिवंतपणी असा असतो, हे मला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कधी कोणाला विचारले नव्हते.

होडीत घेतलेला बाला लांबीला दीड मीटरला थोडा कमी भरला. त्याला खवले नसतात; अंगावरची चांदी इतकी नाजूक असते की धरलेल्या जागी ती बोटांना लागते आणि खालची राखाडी कातडी दिसते. शेपटीला पर नाही, ती निमुळती होत होत शेवटी केसासारखी संपते. लिनियसने 1758 मध्ये या माशाला ट्रायकियुरस हे नाव दिले, त्याचा ग्रीक अर्थच केसासारख्या शेपटीचा. जबड्यातले पुढचे सुळे मात्र पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांच्या टोकाला गळासारखेच उलटे काटे असतात. मालकाने जाड फडक्याने डोके धरले आणि पकडीने गळ सोडवले. हाताने सोडवायचा प्रयत्न करू नका, एवढे तो तीनदा म्हणाला.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आपण वाकटी म्हणून जी लहान मासळी सुकवतो तीत याच कुळातल्या दुसऱ्या जातीही असतात, त्यामुळे माझ्या घरच्या डब्यात नेमका हाच मासा होता असे मी म्हणणार नाही. मोठा बाला मात्र दोन्हीकडे तोच मानला जातो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांत तो टनांनी येतो आणि त्यातला बराचसा गोठवून चीनला जातो. एकेक मासा अर्धा-अर्धा तास वाट पाहून काढणारी ही माणसे आणि आपल्या बंदरांवर फावड्याने उपसले जाणारे त्याचे ढीग, यांचा विचार त्या रात्री माझ्या मनातून गेला नाही, आणि आमचे चार मासे झाल्यावर मालकाने स्वतःहून दोऱ्या गुंडाळायला सुरुवात केली तेव्हा मला मनापासून बरे वाटले. शेजारच्या होडीत तोवर सहा झाले होते. नातीने पकडलेला सर्वांत लहान मासा आजोबांनी पाण्यात परत सोडला.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या स्वयंपाकघरात मी मासे कापायला बसलो. एकाच्या पोटात अर्धवट पचलेला यलोटेल निघाला आणि त्यासोबत चार बोटे लांबीचा, निमुळता, चांदी अजून शिल्लक असलेला शेपटीचा तुकडा. बाला आपल्याच जातीला खातो हे त्यावरून दिसले. तीन बोटे रुंदीचे तुकडे करून, हळद-मीठ आणि आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. मांस मऊ, पांढरे आणि गोडसर असते. दोन्ही कडांना बारीक काट्यांची ओळ असते, ती आधी सुरीने सोडवून घेतली की मधला भाग मुलांनाही देता येतो.

जेवणाआधी आईला फोन लावला. रेवदंड्याला चार दिवस पाऊस उघडला नव्हता, आणि तिने त्या दिवशी वांगे-वाकटीच केली होती. तिला भाच्याने काढलेला फोटो पाठवला. विजेरीच्या उजेडात पाण्यात उभा असलेला बाला. तिने तो बराच वेळ पाहिला असावा, कारण पलीकडून फक्त पावसाचा आवाज येत होता. मग तिने विचारले, "गाभोळी होती का रे?" चारांपैकी एकातही नव्हती, असे मी सांगितले. "मग अजून वाढायचे होते ते," ती म्हणाली, आणि तुकडे किती जाड कापले ते विचारू लागली.