दुसऱ्या पत्त्याची सोय

सांगलीत विश्रामबागेत आमचे सहा जणांचे कार्यालय आहे. हळदीच्या अडत्यांसाठी आम्ही हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो आणि त्याचा सगळा कोड कार्यालयातल्याच गिटलॅब (कोड साठवण्याचे आणि त्यावर मिळून काम करण्याचे सॉफ्टवेअर) सर्व्हरवर असतो. यंत्र डोळ्यासमोर आहे म्हणून कोड सुरक्षित आहे, असे मी समजत होतो. मिरजेहून घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या सोयीसाठी तो सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवला होता, ही बाब मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

११ जानेवारी २०२४ रोजी गिटलॅबने आपल्या सॉफ्टवेअरमधली एक सुरक्षा त्रुटी जाहीर केली; त्रुटींच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-७०२८. तीव्रतेत तिला १० पैकी १० गुण होते. तिचा उगमही सोयीतच होता. पासवर्ड विसरलेल्याला खात्यावरच्या दुसऱ्या ईमेलवरही पासवर्ड बदलण्याचा दुवा मागवता यावा म्हणून १६.१ या आवृत्तीत बदल झाला. मात्र विनंतीत एका पत्त्याऐवजी पत्त्यांची यादी धाडली आणि त्यातला एक खातेदाराचा असला, की तोच दुवा यादीतल्या परक्या, पडताळणी न झालेल्या पत्त्यावरही जात असे. खातेदाराला कशावर क्लिक करावे लागत नव्हते.

आमची आवृत्ती १६.५.३ होती. भोगीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बॅकअप घेऊन मी ती त्रुटी दुरुस्त केलेल्या १६.५.६ वर नेली आणि मग लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांच्या नोंदी, उघडले. पासवर्ड बदलण्याच्या विनंतीत ईमेलच्या जागी चौकटी कंसात एकाहून अधिक पत्ते दिसले, तर घात झाला असे समजायचे होते. अकरा विनंत्या सापडल्या. प्रत्येकीत एकच पत्ता होता, आणि त्यातल्या आठ आमच्या मिरजेच्या विसरभोळ्या सहकाऱ्याच्या होत्या.

हायसे वाटले, पण ते फार टिकले नाही. आमच्या सर्व्हरवर रोजच्या लॉगची एक, अशा तीसच फाइली राहतात. त्यापूर्वीच्या महिन्यांचा पुरावाच शिल्लक नव्हता. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक संकेतांक मागणारी) असलेल्या खात्याचा पासवर्ड बदलला गेला तरी आत शिरता येत नव्हते, पण ती पडताळणी सहापैकी तिघांनीच सुरू केली होती आणि त्या तिघांत मी नव्हतो. म्हणून घात झालाच आहे असे धरून आम्ही सगळे टोकन आणि एसएसएच किल्ल्या (पासवर्डऐवजी सर्व्हरवर ओळख पटवणाऱ्या गुप्त खुणा) आणि डेटाबेसचे पासवर्ड बदलले. त्यात संक्रांतीचा दिवस गेला. सर्व्हर आता फक्त व्हीपीएनमधून, म्हणजे कार्यालयाच्या खासगी जोडणीतून, उघडतो, आणि त्याचाही पासवर्ड मिरजेचा सहकारी मला फोन करून विचारतो.